पडद्यावरचा ठिपका आणि आप्तवाक्य

नोकियानं एन-९५ हा फोन २६ सप्टेंबर २००६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर केला आणि तो दुकानात यायला २००७ चा मार्च उजाडला. मधले सहा महिने जगभरची फोनवेडी मंडळी त्याच्याकडे डोळे लावून बसली होती. दोन्ही बाजूंना सरकणारी रचना आणि कार्ल झाइसची लेन्स असलेला पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होताच, पण अनेकांचा जीव अडकला होता तो आतच बसवलेल्या जीपीएसमध्ये. तोवर फोनच्या पडद्यावर आपली जागा पाहायची हौस असलेल्याला ब्लूटूथवर चालणारा एक लहानसा रिसीव्हर वेगळा बाळगावा लागे, त्याचं चार्जिंग वेगळं सांभाळावं लागे, आणि नेमका गरजेच्या दिवशी तो घरीच राहिलेला असे. फिनलंडच्याच बेनेफॉन कंपनीनं १९९९ मध्ये जीपीएस असलेला फोन काढला होता, पण तो सर्वसामान्यांपर्यंत पोचला नाही. जानेवारी २००७ मध्ये ॲपलनं पहिला आयफोन दाखवला. त्यात जीपीएस नव्हतं. एन-९५ ची वाट पाहणाऱ्यांना त्या बातमीनं बरं वाटलं नसतं तरच नवल.

फोन हातात आला आणि पुन्हा वाट पाहणं सुरू झालं. जीपीएसचा अँटेना अंकांच्या कळपट्टीखाली होता. त्यामुळे फोन सरकवून उघडायचा, कळांवर हात येऊ द्यायचा नाही, साधारण पंचेचाळीस अंशांत तिरका धरायचा आणि वर मोकळं आकाश असेल अशा जागी उभं राहायचं, अशी रीत होती. गच्चीवर असा फोन धरून उभा राहिलेला माणूस लांबून सूर्याला अर्घ्य देणाऱ्यासारखा दिसे. कधी काही सेकंदांत काम होई, कधी कित्येक मिनिटं जात. कारण साधं आहे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीनं सांगत असतो. ती पुरती ऐकायला निदान अर्धं मिनिट लागतं आणि मध्ये झाड किंवा इमारत आली तर पुन्हा पहिल्यापासून. पुढे सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीत मोबाइल नेटवर्कची मदत घ्यायची सोय आली आणि हा खोळंबा कमी झाला.

गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला वाटे, उपग्रह आपल्याला शोधतोय. आजही अनेकांची हीच समजूत आहे. प्रत्यक्षात प्रकार उलटा आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहाला खाली कोण उभं आहे याचा पत्ताच नसतो. तो दोनच गोष्टी सांगत राहतो : आत्ता किती वाजले आणि मी कुठे आहे. कुणी ऐको न ऐको. फोन गप्प राहून किमान चार उपग्रहांचं बोलणं ऐकतो, प्रत्येकाचा संदेश पोचायला किती वेळ लागला ते पाहतो आणि त्यावरून स्वतःची जागा काढतो. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं चुकलं तरी अंतरात ३०० मीटरची चूक पडते. वरून आपल्यावर नजर ठेवणारा आणि ज्याचं त्याच्या पदरात टाकणारा देव, अशी उपग्रहाची प्रतिमा लोकांच्या मनात सहज बसली. पण हा देव कुणाचं काही पाहत नाही. त्याचं ऐकून निष्कर्ष काढायचं काम खालच्याचं.

पडद्यावर उमटलेला तो ठिपका म्हणजे मग कोणत्या प्रकारचं ज्ञान? ‘मी इथे आहे’ हे तो सांगतो आणि माणूस ते मान्य करतो, ते कशाच्या बळावर? न पाहिलेल्याच्या बोलण्यावर किती विसंबावं, हा प्रश्न धर्माच्या क्षेत्रात हजारो वर्षं चर्चिला गेला आहे. भारतात त्याची सर्वांत काटेकोर चिकित्सा नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, केली.

गौतमाच्या न्यायसूत्रांनी ज्ञानाची चार साधनं, म्हणजे प्रमाणं, मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज बाकी सगळं मोडीत काढलं, त्यामुळे त्यांनी हा फोन विकत घेतला नसता. बौद्ध आणि वैशेषिक म्हणाले की शब्द हे वेगळं प्रमाण नव्हेच, ते अनुमानातच मोडतं. नैयायिक मात्र ठाम राहिले. त्यांच्या मते विश्वासू माणसाचं सांगणं हे स्वतंत्र प्रमाण आहे आणि अशा माणसाला आप्त म्हणावं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत संस्कृत घेतलेल्यांच्या पिढ्यांनी अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातून हे गिरवलं. आठल्ये-बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती बॉम्बे संस्कृत सीरीजमध्ये १८९७ साली निघाली आणि ती अजूनही चाळली जाते.

आप्त ठरायला न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन दोन गोष्टी मागतो. सांगणाऱ्याला ती गोष्ट स्वतः माहीत हवी आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा हवी. यापुढे तो जे म्हणतो ते त्या काळाच्या मानानं धाडसी आहे : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू पडतं. जन्मावरून कुणी आप्त ठरत नाही आणि जन्मावरून बादही होत नाही.

या कसोटीवर जीपीएसला घासून पाहिलं तर मजेशीर चित्र दिसतं. ही यंत्रणा अमेरिकी लष्कराची. पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियन प्रवासी विमान पाडलं गेलं आणि २६९ माणसं मेली. त्यानंतर ही सेवा नागरी वापराला खुली करण्याचं अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं. पण खुली केली ती एक मेख मारून. लष्कराला अचूक जागा कळे आणि सामान्य माणसासाठीच्या संदेशात मुद्दाम गडबड मिसळलेली असे, त्यामुळे चूक शंभर मीटरच्या आसपास राही. म्हणजे वक्त्याला सत्य पक्कं ठाऊक होतं, फक्त ते जसंच्या तसं सांगायचं नव्हतं. पहिली अट पुरी, दुसरी नापास. वात्स्यायनाच्या हिशेबात १९९० च्या दशकातला हा उपग्रह आप्त नव्हता. मे २००० च्या पहिल्या तारखेला क्लिंटन यांनी ही गडबड थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि एका रात्रीत आकाशातला वक्ता खरं बोलू लागला. चौकात डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे सांगण्याइतपत नेमकेपणा सामान्यांच्या हाती आला तो तेव्हापासून. एन-९५ कडे लागलेले डोळे त्या निर्णयाचे ऋणी होते, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

दुसऱ्याच्या इच्छेवर किती विसंबायचं, ही धास्ती राष्ट्रांनाही असते. भारतानं आपली नाविक ही यंत्रणा उभारायला घेतली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी गेला आणि एप्रिल २०१६ पर्यंत सात झाले. इथे अडचण पहिल्या अटीत आली. पहिल्या उपग्रहावरची परदेशातून आणलेली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. सांगायची इच्छा होती, पण किती वाजले हेच कळेना. नाविक समजणारे फोन २०२० मध्ये बाजारात आले आणि भारतीय बनावटीचं अणुघड्याळ घेऊन जाणारा एनव्हीएस-०१ हा उपग्रह मे २०२३ मध्ये सोडला गेला.

आता त्या सहा महिन्यांच्या ओढीकडे पुन्हा पाहू. लोक नेमकी कशाची वाट पाहत होते? नकाशे कागदावरही मिळत होते. ओढ होती ती न कंटाळणाऱ्या आणि न खेकसणाऱ्या सांगणाऱ्याची, म्हणजे कुणाला विचारावं न लागण्याची. पुण्यात पत्ता विचारून पाहिलेल्याला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

वाटेत माणसांना विचारत जाण्यात एक जिव्हाळा होता आणि तो फोननं घालवला, असा गळा काढायची आपल्याकडे पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. गावात शिरून वाट विचारणाऱ्याला आधी उलट प्रश्न येत : कुठले? कुणाकडे जायचंय? आडनाव काय? या प्रश्नांची उत्तरं देताना कुणाची मान ताठ राही आणि कुणाची खाली जाई, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. रात्री उशिरा एकट्या निघालेल्या बाईनं टपरीवरच्या घोळक्याला पत्ता विचारावा, हा सल्ला देणं सोपं आहे. फोन आडनाव विचारत नाही. ज्यांना विचारण्याची किंमत मोजावी लागे, त्यांच्यासाठी हा ठिपका साधी चैन नाही. म्लेच्छाचाही शब्द प्रमाण मानणाऱ्या वात्स्यायनाला हे पटलं असतं.

तरीही फोनच्या शब्दाचा एक घोटाळा शिल्लक राहतो आणि तो न्यायसूत्रांतल्याच एका युक्तिवादानं नीट उलगडतो.

वेदांवर विश्वास का ठेवायचा, याचं नैयायिकांनी दिलेलं उत्तर असं : आयुर्वेदाचं सांगणं पडताळता येतं. औषध घेतलं आणि गुण आला. दिसणाऱ्या गोष्टींत ज्यांचं बोलणं खरं ठरलं, त्यांचंच बोलणं न दिसणाऱ्या गोष्टींतही खरं मानायला हवं. युक्तिवाद चतुर आहे आणि रोजच्या जगण्यात सगळेच तो वापरतात. मोटार चालवणाराही असंच करतो. मागची अनेक वळणं बरोबर निघाली, मग पुढचं, अंधारातलं, का चुकेल? पण या युक्तिवादाला एक अट चिकटलेली आहे. दोन्ही ठिकाणी बोलणारा एकच हवा. अंगाऱ्यानं ताप उतरला म्हणून बुवाच्या शेजाऱ्यानं सांगितलेला मुहूर्त कुणी पाळत नाही.

फोनच्या पडद्यावर ही अट मोडते आणि ते दिसत नाही. ‘तू इथे आहेस’ हे उपग्रहांच्या शब्दावरून कळतं. ‘इथून रस्ता आहे’ हे सांगणारा मात्र दुसराच असतो : नकाशा बनवणारी कंपनी, तिनं कधीतरी घेतलेली छायाचित्रं, कुणी तरी भरलेली माहिती. दोघांचं बोलणं एकाच पडद्यावर, एकाच रंगात, एकाच गोड आवाजात येतं. पहिल्यानं कमावलेली पत दुसऱ्याच्या खात्यात जमा होते.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेले तिघे जण नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात रात्री मोटारीनं जात होते. फोननं दाखवलेला रस्ता कोतूळच्या पुलावरून होता. हा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली दर वर्षी काही महिने जातो, हे पंचक्रोशीतल्या लोकांना माहीत होतं. मोटार पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, एकाचा जीव गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली कोसळली आणि तिघे दगावले. तिथेही फोन वाट दाखवत होता. दोन्ही ठिकाणी ठिपका बहुधा अगदी बरोबर जागी होता. चुकला तो रस्ता.

वाक्यातून ज्ञान व्हायचं तर त्यात योग्यता लागते, असं तर्कसंग्रह सांगतो. ‘आगीनं शिंपण कर’ हे वाक्य व्याकरणानं शुद्ध असलं तरी त्यातून काही कळत नाही, कारण आगीनं शिंपण होतच नाही. ‘सरळ जा’ हे समोर पाणी असताना याच जातीचं वाक्य. पण ते तसं ओळखायला पाणी दिसावं लागतं. रात्रीच्या काळोखात गेलेल्यांना शहाणपण शिकवणं अन्यायाचं होईल. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक म्हणतात की कळलेलं ज्ञान खोटं ठरेपर्यंत खरंच धरावं. नैयायिक म्हणतात की त्याचा खरेपणा कृती यशस्वी झाल्यावर कळतो. हमरस्त्यावर मीमांसकाचं धोरण बिनघोर चालतं. धरणाच्या काठावर ते चालत नाही, आणि नैयायिकासारखं करून पाहायला गेलं तर खोटेपणा कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला एक दाखला देतो. गांधार देशातल्या एकाला डोळे बांधून आणून निर्जन रानात सोडलं. कुणी तरी त्याची पट्टी सोडली आणि गांधार या दिशेला आहे, असं सांगितलं. मग तो गावोगाव विचारत घरी पोचला. शंकराचार्यांनी भाष्यात पट्टीला मोह म्हटलं, त्याला आणून सोडणाऱ्या चोरांना पाप-पुण्य म्हटलं, आणि दाखला गुरूच्या महतीकडे वळवला. वाचणाऱ्याचं लक्ष साहजिकच पट्टी सोडणाऱ्यावर खिळतं. उपनिषदानं मात्र विचारायची गावं गाळलेली नाहीत आणि जाणारा बुद्धिमान असावा, हेही सांगून ठेवलं आहे. दिशा एकानं सांगितली म्हणून वाटेतल्या माणसांचं सांगणं रद्द झालं नाही.

धरणालगतच्या आडरस्त्यानं रात्री जायची वेळ आली, मग ऋतू कोणताही असो, पाण्याआधीच्या शेवटच्या गावात गाडी थांबवा आणि पूल उघडा आहे का, एवढं विचारून घ्या.