समुद्रावरून आलेले राज्य आणि आपला न्याय

नवदीक्षित कुटुंबांतील मुले आता शाळा-कॉलेजांत जातात आणि घरी येऊन अवघड प्रश्न विचारतात. त्यांतला एक प्रश्न असा : इंग्रज आले म्हणून आपण शिकलो, मग त्यांचे राज्य चांगले म्हणायचे की वाईट? घरातले कोणी म्हणते, ते आले नसते तर गळ्यातले मडके सुटले नसते. कोणी म्हणते, परक्याची गुलामी ती गुलामीच. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु दोन्ही अर्धी आहेत. अर्धे सत्य सोयीचे असते, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

त्यासाठी दूर जायला नको. आपल्या भिवंडीची खाडी पुढे वसईपाशी समुद्राला मिळते. या समुद्रात अरब, गुजराती व आफ्रिकी गलबते शेकडो वर्षे ये-जा करीत होती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि थोड्याच वर्षांत समुद्राला मालक निर्माण झाला. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना विकत घेतल्याशिवाय जहाज नेले तर ते जप्त होई. १५०२ साली याच वास्को द गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळले. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, ती १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन येथे जहाजे बांधण्यास सुरुवात केली, तेव्हा ती जहाजे वसईच्या खाडीतून बाहेर कशी काढायची, हा प्रश्न होताच. खाडीच्या तोंडाशी तोफा दुसऱ्याच्या होत्या.

परंतु या राज्यांचे सर्वांत मोठे पाप दुसऱ्या समुद्रावर घडले. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे साखळदंडांनी बांधून जहाजांत कोंबण्यात आली. त्यांपैकी सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. या माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई त्यात हिंदुस्थानी कापड फार मोठ्या प्रमाणावर असे. पुढे अमेरिकेतील गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांत गेला. ज्या इंग्लंडने १७२१ साली कायदा करून हिंदुस्थानी छापील कापड आपल्या देशात वापरण्यास बंदी केली, त्याच इंग्लंडचे कापड नंतर आपल्या बाजारात भरले आणि हातमागवाला उपाशी पडला. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील मोमीन विणकर कुटुंबे भिवंडीत येऊन वसली. त्यामागे दडपशाही होती, दुष्काळ होता आणि हा बुडालेला धंदाही होता. आज रात्रभर मागांचा जो खडखडाट आपल्या कानी येतो, त्याच्या मुळाशी हा इतिहास आहे.

आता दुसरी बाजू. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात महारांना प्रवेश मिळाला. हाती बंदूक आली, नियमित पगार आला, लष्करी शाळेत मुलांना अक्षर मिळाले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच लष्करी शाळेत शिक्षक होते. हे दार उघडले नसते तर आपला इतिहास निराळा झाला असता, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल.

पण ते दार कोणाच्या गरजेसाठी उघडले होते? राज्याला शिपाई हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती गरज संपली आणि महारांची भरती बंद झाली. पेशवाई १८१८ साली बुडाली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. मधली १०९ वर्षे राज्य कोणाचे होते? गुलामगिरी बंद करणारा कायदा इंग्लंडने १८३३ साली केला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मालकांना दिली. गुलामांना एक छदामही मिळाला नाही. हा त्या राज्याचा न्याय.

मग कृतज्ञ राहायचे की निषेध करायचा? आमचे म्हणणे असे की, मिळालेल्या उपकाराची जाण ठेवावी. परंतु त्या उपकाराची किंमत म्हणून दुसऱ्याच्या दुःखाकडे डोळेझाक करू नये. आफ्रिकेतल्या आईचे मूल विकून जे राज्य श्रीमंत झाले, त्याच राज्याच्या शाळेत आपला आजा पाटीवर अक्षर गिरवायला शिकला. ही दोन्ही वाक्ये एका दमात उच्चारण्याचे धैर्य आपल्यात हवे. तसेच, परक्या राज्याला शिव्या देणारा मनुष्य आपल्या गावची विहीर कोणासाठी बंद ठेवीत होता, हेही विचारले पाहिजे.

आपल्या थोर पुरुषांनी हेच केले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. समुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख आणि येथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख त्यांनी एकाच मापाने मोजले. बाबासाहेबांनी १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत, इंग्रजांच्या घरात उभे राहून, तुमच्या राज्यात अस्पृश्यांची स्थिती पालटली नाही असे ठणकावून सांगितले आणि स्वराज्याची बाजू घेतली. त्याच वेळी त्या स्वराज्यात अस्पृश्यांच्या हक्कांची हमीही मागितली.

माप एकच असावे : सर्वांत खालच्या माणसाला काय मिळाले? हे माप पोर्तुगीजांना लावा, इंग्रजांना लावा, पेशव्यांना लावा. आणि मग ते स्वतःलाही लावा. पोट भरण्यासाठी परमुलखातून भिवंडीत आलेला मजूर मागावर बारा-बारा तास उभा राहतो. त्याला आपल्या चाळीत खोली देताना आपण त्याची जात, भाषा, धर्म विचारतो काय? विचारीत असू तर खाडीच्या तोंडाशी बसून परवाना मागणाऱ्यात आणि आपल्यात अंतर किती उरले?

मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. दोन्ही बाजू सांगा, माप त्याच्या हाती द्या आणि मोजणी त्यालाच करू द्या.