कोडरला दिसतं, तरी लिहिता येत नाही

अमेरिकेतल्या रुग्णालयातून पेशंट घरी गेला की त्याचा चार्ट कोडिंगला जातो, म्हणजे त्यातल्या निदानांना ठरलेले सांकेतिक क्रमांक दिले जातात. तो चार्ट उघडणारी मुलगी पुष्कळदा पुण्यात किंवा ऐरोलीत बसलेली असते. बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी करून या कामाला लागलेली कितीतरी मुलं आपल्याकडे आहेत आणि घरच्यांना मात्र ती ‘कॉम्प्युटरवर काहीतरी कोड टाकतात’ एवढंच ठाऊक असतं. या कामाच्या मुळाशी एक नियम आहे. पेशंटला काय झालं हे त्याच्यावर उपचार करणाऱ्यानेच सांगायचं. कोडरला चार्टमध्ये ते कितीही स्वच्छ दिसलं, तरी त्याने स्वतः निदान करायचं नाही. वरवर पाहता हा नियम कारकुनी वाटतो. न्यूमोनियाचे चार्ट वाचायला घेतले की त्याचं मोल कळायला लागतं.

असा एक चार्ट डोळ्यांसमोर आणा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आलेला. पाणी पितानाही ठसका लागतो, असं नर्सने लिहून ठेवलंय. गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टने घट्ट केलेले द्रवपदार्थच द्या, असं सुचवलंय. उलटी झाली आणि रात्रीत ताप चढला, ऑक्सिजन उतरला. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग. शिरेतून पिपेरॅसिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झालं. आणि डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला: न्यूमोनिया.

हा अन्न श्वासनलिकेत जाऊन झालेला न्यूमोनिया असावा, हे वर्षभर काम केलेल्या कोडरलाही कळतं. त्याचा कोड आहे जे ६९.०. पण डॉक्टरांनी तसं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून कोड पडतो जे १८.९, म्हणजे कारण न सांगितलेला न्यूमोनिया. ‘उजव्या खालच्या लोबचा न्यूमोनिया’ असं लिहिलं असतं तरी हाच कोड राहिला असता, कारण ‘लोबार न्यूमोनिया’ हे वेगळं निदान आहे आणि डॉक्टरांनी ते त्याच नावाने लिहावं लागतं. थुंकीच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला वाढला असता तरीसुद्धा लॅबच्या कागदावरून कोड देता आला नसता. तो जंतू घशात नुसता वस्तीला आहे की फुप्फुसातला आजार त्यानेच केलाय, हे पेशंटला तपासणारा ठरवतो. शेत कोण कसतंय हे सगळ्या गावाला माहीत असलं, तरी फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तसंच हे.

मग एवढा कडकपणा कशासाठी? पहिलं उत्तर पैशाचं आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. १९८३ पासून अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना रुग्णालयांना निदानाच्या गटानुसार ठरावीक रक्कम देते. साधा न्यूमोनिया आज १९३ ते १९५ या गटांत जातो. अन्न श्वासनलिकेत गेल्याने झालेला किंवा क्लेबसिएलासारख्या जंतूचा न्यूमोनिया १७७ ते १७९ मध्ये जातो आणि त्याचे पैसे जास्त मिळतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या न्याय खात्याने न्यूमोनियाच्या वाढीव कोडिंगविरुद्ध मोहीमच हाती घेतली होती. चार्टमध्ये आधार नसताना साधा न्यूमोनिया गुंतागुंतीचा दाखवून बिलं लावली, असा आरोप होता आणि अनेक रुग्णालयांना तडजोड करून पैसे भरावे लागले. कोडरच्या तर्काला एकदा मोकळीक दिली की तर्क पैशाच्या दिशेनेच धावतो.

पण हा नियम फक्त पैसे अडवण्यासाठी असता, तर तो एकाच बाजूने चालला असता. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनिया झाला, तर तो व्हेंटिलेटरमुळेच झाला असं धरून जे ९५.८५१ हा कोड देता येत नाही. डॉक्टरांनी तसा संबंध लिहिलेला असावा लागतो. हा कोड रुग्णालयाच्या देखभालीवर बोट ठेवणारा आहे. म्हणजे दोष चिकटवतानाही कोडरचा तर्क चालत नाही. उलट, डॉक्टरांनी न्यूमोनिया लिहिलाय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तरी कोडरला ते निदान खोडता येत नाही. शंका असेल तर विचारायचं, वर पाठवायचं. स्वतः पुसायचं नाही. जे आहे त्यात भर घालायची नाही आणि त्यातून काढायचंही नाही. हे संयमाचं काम आहे, आणि ते करणाऱ्यांना पुरेसा मान मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

या संयमाला वाट आहे ती क्वेरीची. कोडर किंवा नोंदी तपासणारी नर्स डॉक्टरांना लेखी विचारते. ‘अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया लिहाल का?’ असं विचारायला बंदी आहे, कारण त्यात उत्तर आधीच ठेवलेलं असतं. पैशाचा उल्लेखही करायचा नाही. ठसका, उलटी, थेरपिस्टचा अहवाल, एक्स-रे, सुरू केलेलं औषध, हे सगळं जसंच्या तसं मांडायचं आणि विचारायचं, की या न्यूमोनियाचा प्रकार किंवा कारण आपल्या मते काय? पर्याय द्यायचे असतील तर ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही त्यात हवेत. चांगली क्वेरी लिहिणं ही कला आहे. सगळा पुरावा समोर ठेवायचा आणि निष्कर्षाच्या दारात थांबायचं.

डॉक्टरांची बाजूही अवघड आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात न्यूमोनियाने दाखल झालेल्या २,२५९ प्रौढांची कसून तपासणी झाली, तेव्हा जंतू सापडला फक्त ३८ टक्क्यांत. बाकीच्यांवर अंदाजानेच उपचार झाले. मग खात्री नसताना लिहायचं काय? इथे नियम समजूतदार आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या पेशंटच्या डिस्चार्ज समरीत ‘संभाव्य’ किंवा ‘बहुधा’ असं लिहिलेलं निदानही पक्क्या निदानासारखंच कोड करता येतं. बाह्यरुग्ण विभागात मात्र ही सवलत नाही. औषध निवडताना डॉक्टरांच्या मनात जे असतं, तेवढंच कागदावर यायला हवं. ते येत नाही, कारण ते त्यांना इतकं उघड वाटतं की लिहावंसं वाटत नाही.

आणि तो कागद बिल देऊन संपत नाही. ते गृहस्थ चार महिन्यांनी ताप घेऊन दुसऱ्या रुग्णालयात गेले, तर तिथल्या डॉक्टरांना नुसता ‘न्यूमोनिया’ काही सांगत नाही. ‘अन्न श्वासनलिकेत गेल्याने’ एवढं वाचलं तर ते आधी गिळणं तपासतील, जेवताना पाठ उभी ठेवायला सांगतील.

आपल्याकडेही विम्याच्या दाव्यांत हे कोड आता मागितले जातात. म्हणून इथल्या डॉक्टरांना एकच विनंती: समरीत न्यूमोनिया लिहिलात की तिथेच थांबू नका, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं तेही लिहा. खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिहा. तुमच्याऐवजी ते दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.