तीन आकडे मोजेपर्यंत

सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेनं एकदा माझा विज्ञानाचा तास पाहिला. तास संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. वहीतला एक कागद फाडून त्यांनी माझ्या हातात ठेवला. त्यावर वर्गातल्या बाकांची कच्ची आखणी होती आणि ज्या मुलानं उत्तर दिलं त्याच्या जागेवर एकेक उभी रेघ. मी २३ प्रश्न विचारले होते. त्यांतल्या १९ प्रश्नांची उत्तरं चारच मुलांनी दिली होती. पटावर ४६ मुलं होती. कागदाच्या तळाशी एक ओळ होती : ‘प्रश्न विचारल्यावर तुम्ही थांबत नाही.’

मला राग आला. मी कधी कुणावर हात उचलला नव्हता, कुणाला टाकून बोलले नव्हते. मुलांना माझा तास आवडतो, अशी माझी समजूत होती. पण त्या रात्री तो तास मनात पुन्हा आठवून पाहिला, तेव्हा कागदावरचं खरं निघालं. प्रश्न विचारायचा, ठरलेले चार हात वर व्हायचे, ‘हं, तू सांग’ म्हणायचं, उत्तर आलं की ‘शाब्बास’ आणि लगेच पुढचा प्रश्न. हात वर झाले नाहीत, तर ‘कुणालाच येत नाही? मग ऐका’ म्हणून मीच सांगून टाकायचं. त्या घाईत बाकीच्या ४२ मुलांना श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी याच एका गोष्टीचा पाठपुरावा केला होता, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. त्यांनी शाळांतल्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकली आणि शिक्षकाचा प्रश्न संपल्यापासून तो पुन्हा बोलेपर्यंतचा वेळ मोजला. तो सरासरी एक सेकंदाच्या आसपास भरला. १९७४ साली त्यांचे हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या शिक्षकांनी सवय लावून घेऊन हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं, त्यांच्या वर्गात मुलांची उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं आपणहून बोलू लागली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. शिक्षकांमध्येही फरक पडला. त्यांचे प्रश्न संख्येनं कमी झाले, पण ते अधिक चांगले झाले.

त्यांच्या निष्कर्षांतली एक गोष्ट मात्र मला जास्त लागली. शिक्षक ज्यांना हुशार समजतात, त्या मुलांसाठी ते जास्त वेळ थांबतात. ज्यांना कच्चं समजतात, त्यांच्यासाठी कमी. ज्याला विचार करायला जास्त वेळ हवा, त्याच्याच वाट्याला कमी वेळ येतो. यामागे कुणाचा दुष्टावा नसतो. उलट, बिचाऱ्याची फजिती नको म्हणून आपण पटकन ‘बस हं, दुसरं कोण सांगेल?’ म्हणतो. तो बसतो. पण बसताना त्याला एवढं कळलेलं असतं की, माझ्याकडून बाईंना उत्तराची अपेक्षाच नाही.

विद्यार्थ्यांशी चांगलं बोलावं म्हणजे काय करावं, यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणांत पुष्कळ सांगितलं जातं. हसतमुख राहा, नावानं हाक मारा, कौतुक करा. हे सगळं करावंच. पण मला वाटतं, शिक्षकाची माया आधी त्याच्या थांबण्यात दिसते. बोलणं त्यानंतर येतं. वर्गात शिक्षकाकडे वाटायला काय असतं? वेळ असतो. तो कुणाला किती देतो, हा न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे. खाऊ वाटताना कुणाला एक पेढा जास्त गेला, तर पहिलीतलं मूलही उठून सांगतं. सेकंद वाटताना झालेला पक्षपात कुणालाच दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं चालतो.

त्या कागदानंतर मी थांबायचा प्रयत्न सुरू केला. पहिल्याच दिवशी प्रश्न विचारला आणि मनात मोजू लागले. वर्ग एकदम चिडीचूप झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, ‘बाई, चिडलात का?’

ते मी विसरलेले नाही. तोवर वर्गात मी गप्प झाले म्हणजे चिडले, एवढाच अर्थ माझ्या मुलांना ठाऊक होता. माझी शांतता त्यांनी दरडावण्याच्या आधीची म्हणूनच ओळखली होती. आज ठरवलं आणि उद्यापासून मुलांशी नीट वागायला लागलं, असं होत नाही. आधीच्या वागण्याचा हिशेब मुलांकडे असतो. मी त्यांना सांगितलं, ‘चिडले नाही. तुमच्या उत्तराची वाट बघतेय.’ हे वाक्य पुढे दोन-तीन आठवडे सांगावं लागलं. मग गरज उरली नाही.

एका उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा धडा चालू होता. मी विचारलं, ‘माठातलं पाणी गार का होतं?’ नेहमीचे हात वर आले. मी थांबले. खिडकीशी बसणारी, वर्षभरात दहा वाक्यंही न बोललेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, पावसाळ्यात होत नाही.’

आधीची मी असते तर म्हटलं असतं, ‘मी काय विचारलं, तू काय सांगतेस?’ पुस्तकातलं उत्तर वेगळं होतं : माठाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. पण घरी रोज माठ भरणाऱ्या त्या मुलीच्या हाताला जे ठाऊक होतं, ते पुस्तकात नव्हतं. ‘शाब्बास’ ओठावर आलं होतं. तेही मी गिळलं आणि पुन्हा थांबले. मग मागून एक जण म्हणाला, ‘पावसाळ्यात कपडेपण वाळत नाहीत.’ आणखी एकानं सांगितलं, ‘म्हणूनच आमची आजी माठ वाऱ्याला ठेवते.’ हवेत आधीच ओल भरलेली असली की पाण्याची वाफ सावकाश होते आणि वारा असला की भराभर होते, हा सगळा धडा पुढच्या पाच मिनिटांत मुलांनीच उभा केला. मी फक्त शब्द पुरवले.

‘शाब्बास’ गिळलं ते बरं झालं, असं मी आजही म्हणते. उत्तर आल्यावरही थांबावं, असं रोबाईंचं सांगणं होतं. दर उत्तरामागे वाहवा मिळत राहिली, की मुलं प्रश्नाकडे न बघता शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघून बोलू लागतात, हेही त्यांनी नोंदवलं. मी त्या क्षणी वाहवा केली असती, तर बाकीच्यांनी समजून घेतलं असतं की बरोबर उत्तर मिळालं, आता बोलायचं कारण नाही. कौतुक करायचंच, तर तास संपल्यावर त्या मुलीजवळ जाऊन तिला सांगावं की, तुझ्या बोलण्यानं धडा पुढे गेला. मी तसं सांगितलं.

शब्दांविषयीही बोललं पाहिजे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली आणि त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी घातली. छडी बऱ्याच ठिकाणी गेली. जीभ तितकी बदलली नाही. ‘डोक्यात बटाटे भरलेत का’, ‘तुझा भाऊ बरा होता’, ‘तुला सांगून काय उपयोग’ ही वाक्यं आजही कानांवर येतात. त्याहून बारीक आणि खोल जखम भाषेची असते. मूल सांगतं, ‘बाई, मपली वही घरी राहिली’, आणि आपण वहीचं बाजूला ठेवून म्हणतो, ‘मपली नाही, माझी म्हण.’ वर्ग हसतो. त्या मुलाच्या आईची भाषा सगळ्यांसमोर चुकीची ठरते. प्रमाणभाषा शिकवावी, जरूर शिकवावी, पण आधी त्याच्या हरवलेल्या वहीचं ऐकून घ्यावं. मूल जसं आहे तसं स्वीकारणं आपल्याकडे नवं नाही : बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करू लागल्या. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल आपल्यासारखं होईल तेव्हा बोलू, असं त्या म्हणाल्या नाहीत.

मुलांच्या मूल्यमापनासाठी लिहायच्या वर्णनात्मक नोंदींचंही तसंच. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकानं पाहून, विचार करून दोन ओळी लिहाव्यात, ही कल्पना किती चांगली! पण तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि ‘गणिती क्रिया अचूक करतो’ हे वाक्य ४० मुलांच्या नावापुढे उतरतं. आपल्या शिक्षकानं आपल्याविषयी काय पाहिलं, हे मुलाला आणि त्याच्या आईबापांना त्यातून कसं कळावं?

शिक्षक यावर काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. मी ते स्वतः म्हणत आले आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोषण आहाराचे हिशेब, रोजच्या ऑनलाइन माहित्या आणि डोक्यावर अभ्यासक्रम. ही तक्रार खरी आहे आणि ती सरकारदरबारी जोरानं मांडली पाहिजे. पण एका तासात २० प्रश्न विचारले आणि प्रत्येकापाशी तीन सेकंद थांबलं, तर होतं एक मिनिट. ३५ मिनिटांच्या तासातलं एक मिनिट कोणतंही परिपत्रक आपल्याकडून हिरावून घेत नाही.

आता पुढच्या तासाला प्रश्न विचाराल, तेव्हा हात वर न केलेल्या एका मुलाकडे बघा, मनात तीन आकडे मोजा आणि त्याचा आवाज कानावर पडेपर्यंत फळ्याकडे वळू नका.