लाट कोणाची?

आज गीता, अध्याय 18, श्लोक 14.

कोणतंही काम घडायला पाच कारणं लागतात, असं हा श्लोक सांगतो: देह, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि पाचवं दैव. आम्हा मूर्तिजापूरकरांचं मोठं पाणी म्हणजे पूर्णा नदी. तरी सुट्टीत गोव्याच्या आश्वे किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेलो. नवख्याला कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर शिकवतात. बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारायचं. नेमक्या वेळी शिकवणारा मागून बोर्ड ढकलतो. तो पाठीमागे, त्यामुळे दिसत नाही. दोन सेकंद उभं राहिलं की वाटतं, जमलं ना मले!

पुण्यातल्या नोकरीबद्दलही आपण असंच बोलतो. 'स्वतःच्या बळावर.' बाबांनी कापूस विकून भरलेली फी मागेच राहते. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी श्लोक 16 कच्ची ठरवतो.

मग हात मारायचेच कशाला? अहो, प्रयत्नही त्या पाचांतच आहे. बोर्ड जागच्या जागी राहिला तर लाट खालून निघून जाते.

मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नापास झालेला भाऊ, कर्ज थकलेला शेतकरी, यांना मात्र आपण एकटंच कर्ता ठरवतो. त्यांच्यापर्यंत लाट आली होती का, मागून कोणी ढकललं होतं का, हे विचारतो कोण?