दोन पानांमधला कोंब

पौषात आप्पांच्या ऑर्किडला कोंब फुटला आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगा मिलिंद म्हणे, फुलाचा दांडा. सूनबाई म्हणे, मूळ. फॅलेनॉप्सिस जातीची ही कुंडी आदल्या वर्षी कुणीतरी भेट दिलेली, आली तेव्हा जांभळ्या फुलांनी लगडलेली. पुढे फुलं गळाली, पानं मऊ पडली, त्यांवर सुरकुत्या आल्या. तहानलं असेल म्हणून आप्पा रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालत. माया करणाऱ्याला प्रमाण कुणी शिकवावं!

शेवटी नर्सरीवाल्या शकूताईंना बोलावलं. कोंबाचा निकाल त्यांनी उभ्या उभ्याच लावला. "मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकाकतं असतं. हे चपटं आहे आणि बाजूला बारीक खवला दिसतोय. शिवाय पानाच्या बगलेतून आलंय. दांडाच आहे."

मिलिंद खूश झाला. आप्पांनी आतून पेढे मागवले. शकूताईंनी पेढा घेतला, पण हातातच ठेवला.

"आप्पा, पानं अशी का?"

"पाणी कमी पडतंय. रोज घालतो तरी."

शकूताईंनी कुंडी उचलली. बाहेरच्या चिनी मातीच्या कुंडीला भोकच नव्हतं. तळाशी बोटभर पाणी साचलेलं, वास मारणारं. आतली प्लास्टिकची कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली, तर मुळांच्या मधोमध मॉसचा गच्च ओला गोळा निघाला. रोप लहान असताना हा गोळा सोयीचा, पण तो आतून लवकर वाळत नाही, आणि वरून बोट लावणाऱ्याला ते कळतही नाही. त्यांनी एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. वरचं आवरण मोज्यासारखं निघून हातात आलं, आत दोऱ्याएवढी तार राहिली. दुसरंही तसंच, तिसरंही. सगळी तपकिरी, पिचपिचीत. शोधून शोधून दोनच मुळं टणक निघाली. त्यांतलं एक वर हवेत निघालेलं, कोरडं, रुपेरी. त्यावर शकूताईंनी पाण्याचे थेंब टाकले, तसं ते हळूहळू हिरवं झालं.

"हे जिवंत. बाकीची गेली. मूळ कुजलं की पाणी वर चढत नाही. मग पाण्यात बुडालेल्या झाडाचं पानही तहानेनंच सुकतं. तुम्ही पान बघून पाणी घालत राहिलात. अहो, ही इंडोनेशिया-फिलिपिन्सकडची झाडं, दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून वाढणारी. आपल्याकडे आंबोलीत सीतेची वेणी लोंबते ना, तशीच. पाऊस आला की मुळं भिजणार, वाऱ्यानं वाळणार. त्यांना ओलीइतकाच वारा लागतो."

"एवढं आजारी आहे, तर मग दांडा कसा आला?" मिलिंदनं विचारलं.

"रात्री गार पडायला लागल्या, म्हणून. थंडी लागली की दांडा काढायचा, एवढं त्याला ठाऊक. खाली काय उरलंय ते कुठं बघतंय? पानांत जे साठवलंय त्यावर फुलेल आणि मग बसेल. दांडा कापा."

"अहो, वर्षभरानं आलाय तो!" आप्पा म्हणाले.

"झाड तुमचं. कापा नाहीतर ठेवा." आणि त्यांनी पेढा पुन्हा ताटलीत ठेवला.

आप्पांनी कात्री स्पिरिटनं पुसली. आधी कुजकी मुळं कापली. ते सोपं होतं. दांड्यापाशी मात्र कात्री बराच वेळ थांबली. चार बोटं लांबीचा, टवटवीत दांडा, साऱ्या झाडावर तेवढंच काय ते दिसायला चांगलं. अखेर कापला. मिलिंद उठून आत गेला.

जाड सालीचे आणि कोळशाचे तुकडे घालून झाड पुन्हा लावलं, या वेळी खाली भोकं असलेल्या पारदर्शक कुंडीत. मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी दिसली की नाही. घालायचं ते पुरतं निथळू द्यायचं. आप्पांना सकाळी तांब्या हातात न घेणं फार जड गेलं. होळीच्या सुमारास खोडाच्या तळाशी एक टोक दिसलं, गोल आणि चकाकणारं. तोपर्यंत पानांच्या सुरकुत्या काही गेल्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात मिलिंदनं मिरजेच्या गाळ्याचा विषय काढला. आप्पांचं भांड्यांचं दुकान सांगलीत जुनं. विक्री वाढत होती आणि गिऱ्हाइकांना उभं राहायला जागा नव्हती. अक्षय्य तृतीयेला दुसऱ्या दुकानाचं उद्घाटन करायचं मिलिंदच्या मनात होतं.

"एवढी विक्री वाढलीय आप्पा, आता थांबायचं कशाला?"

"उधारीची वही आण."

"आत्ता?"

"आत्ता. विकलंय किती ते मला माहीत आहे. कुणाकडून किती यायचंय, ते वाच. मोठ्यानं वाच."

मिलिंदनं वही उघडली आणि घसा खाकरला. पहिलंच नाव त्याच्या सासऱ्यांचं निघालं.