‘सर्व्हर डाऊन’ला कारण असतं

गेवराईत कार्यालयाच्या खिडकीतून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं सांगितलं की रांग निमूटपणे पांगते. तलवाड्याहून, उमापूरहून आलेल्या माणसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं वाया जातं. पण बंद का पडलं, हे कोणी विचारत नाही. राक्षसभुवनचं शनिमंदिर याच तालुक्यातलं, म्हणून निक्षून सांगतो: यंत्राला साडेसाती लागत नाही. बिघाडाला कारण असतं आणि शोधलं तर ते सापडतं.

लिनक्स सर्व्हरचंच घ्या. रात्री आपोआप अपडेट होतं. सकाळी मशीन चालू, पण नेटवर्क गायब. 8 मार्च 2023 रोजी डेटाडॉग या अमेरिकी कंपनीचे हजारो सर्व्हर असेच तुटले. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर, मशीनच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचं सुरक्षा अपडेट आपोआप बसलं, नेटवर्क सांभाळणारी सेवा नव्यानं सुरू झाली आणि तिनं चालू मार्ग पुसून टाकले. कंपनीनं कारण शोधलं आणि सगळ्यांना वाचता येईल असं जाहीरपणे लिहिलं.

आपल्याकडे दोनच उपाय ऐकू येतात: ‘फॉरमॅट मारा’, नाहीतर ‘अपडेट कायमचं बंद करा’. पहिल्यात लोकांच्या नोंदी जातात, दुसऱ्यात चोराला दार उघडं राहतं. दोन्ही आळसाचे उपाय आहेत. मॉनिटर-कीबोर्ड जोडा, ‘आयपी ए’ टाइप करा. नेटवर्क कार्डाचं नाव दिसतं, पण त्यापुढे पत्ता नाही? मग अपडेट बसवणाऱ्या एपीटीचा लॉग वाचा, रात्री काय बदललं ते त्यात असतं. नेटवर्कची मांडणी ठेवणारी नेटप्लॅनची फाईल उघडा. कधी फाईलमध्ये कार्डाचं जुनं नाव असतं आणि अपडेटनंतर मशीननं त्याला नवं दिलेलं असतं. तेवढा एक शब्द सुधारून ‘नेटप्लॅन ट्राय’ चालवा; 120 सेकंदांत एंटर दाबून होकार दिला नाही, तर जुनी मांडणी आपोआप परत येते. शिकणाऱ्याला याहून सुरक्षित काय हवं?

आणि हे शिकणारं माणूस गावातलंच लागतं. नेटवर्कच गेलं, तर पुण्यातला इंजिनिअर दुरून आत शिरणार कुठून? तो गाडीनं येईपर्यंत दिवस मावळतो. आयटीआयच्या, कॉलेजच्या आपल्या पोरापोरींना हे आठवडाभरात शिकवता येईल. पतसंस्था असो की शाळा, आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस कागदावर लिहून मशीनजवळ ठेवा, फाईलची प्रत वेगळी काढा, अपडेटची वेळ अशी नेमा की तेव्हा कोणी हजर असेल. पासवर्ड दोघांकडे हवा, आणि त्यातलं एक जण गेवराईत राहणारं हवं.