गाबोळी आणि माळ

चैत्र लागला की आमच्या अलिबागकडच्या कोळीवाड्यात कार्ल्याला एकवीरेच्या पालखीला जायची घाई सुरू होते. त्याच सुमाराला पाणी ऊन होतं आणि पाटीतल्या माशांच्या पोटात गाबोळी दिसू लागते. आय ती अलगद काढायची, हळद-मीठ लावून तव्यावर परतायची. आबा तिकडे बघतसुद्धा नसत. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

माळ घालून जाळं कसं टाकता, असं मी शाळेत असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "मारनं माजं काम, खानं माजी हौस. हौस सोरली." तेव्हा मला ती पळवाट वाटली. आज सत्तरीतही पुरती पटलेली नाही. पण काम करताना हात स्वच्छ राहतात, असा त्यांचा दावा नव्हता. एवढा प्रामाणिकपणा मला पुढे फार थोड्या माळकऱ्यांत दिसला.

हल्ली समाजाच्या सभांत ऐकतो की, आपले पूर्वज नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद ठेवायचे, केवढी ही निसर्गभक्ती! मला हसू येतं. माझ्या आजोबांनी चैत्रातला गाबोळीचा मासा कधी परत सोडला नाही. आषाढात ते घरी बसत, कारण त्या लाटांत शिडाची होडी टिकली नसती. भीतीपोटी पाळलेला नेम पुण्यात धरायचा का? मी धरत नाही. मात्र फळ त्याला लागत होतं. अंडी घालणाऱ्या मासळीला कुणाच्या मनात भक्ती आहे की भीती, याच्याशी काय देणंघेणं?

इंजिन आलं आणि ती भीती ओसरली. दुसरीकडे माशाच्या लपायच्या जागाही गेल्या. बांगडा मूळचा वरच्या पाण्यातला, थव्याने फिरणारा. वरचं पाणी तापू लागलं तसा तो खोल उतरू लागला आणि तळ खरवडणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात जास्त सापडू लागला, हे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. उन्हाला कंटाळून बिचारा खाली गेला, तर खाली आम्ही होतोच. यात पाप असेल तर ते खाण्यात नाही, या 'होतोच'मध्ये आहे. आबांची माळ इथे कामाची नाही. ती जिभेला आवरते, इंजिनाला नाही.

म्हणून आता नेम सरकार पाळायला लावतं: 1 जून ते 31 जुलै. नारळी पौर्णिमा बहुतेक ऑगस्टात येते, त्यामुळे दर्याला नारळ वाहण्याआधीच होड्या बाहेर पडलेल्या असतात. या बंदीतून बिनइंजिनाच्या होड्यांना सूट आहे. आबांची होडी शिडाचीच होती.